साडेएकोणतीस दिवसांचा महिना

माझं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, आणि तेही एका चुकीखाली. लग्नपत्रिका आणि शाळेच्या बदल्यांची यादी मी यात धरत नाही. इंग्रजीतलं एक जाडजूड मासिक, त्याचं शेवटून दुसरं पान, त्यावर पाच ओळींचा मजकूर, आणि तिसऱ्या ओळीत माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं कसं ठसठशीत. ते पान आमच्या पूर्णेच्या घरात बारा वर्षं काचेत लावलेलं होतं. आलागेला ते बघायचा, ज्याला वाचता यायचं नाही तो जास्तच कौतुकानं बघायचा. मी मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. त्या पानाची हकिगत सांगते. सांगताना राग दिसेल, पण तो लपवायचं माझं वय आता राहिलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, पूर्णा जंक्शनला पॉइंटमन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे ठरवणारे साहेब वेगळे. तो रूळ उन्हापावसात जाऊन जोडून देणारे आबा. शिक्षण चौथी. माय दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची, आणि आमच्या घरातला महिना तिच्या त्या लुगड्यावर चालायचा. पौर्णिमा ते पौर्णिमा. पाहुण्याला निरोप द्यायचा तो 'पुढल्या पुनवेला या' असाच. भिंतीवर रेल्वेचं कॅलेंडर होतं, पण ते आबांच्या ड्यूट्यांपुरतं. ही पुनवेची गोष्ट मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच घसरलं.

मी नववीत होते तेव्हा नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. विद्यापीठाला एक नाव द्यायचं, एवढीच मागणी. माझी मावशी तिच्या खेड्यातून नेसत्या लुगड्यानिशी आमच्या क्वार्टरवर आली आणि दोन महिने राहिली. तिचं घर जाळणारे तिच्याच गावचे होते, त्यांच्या शेतात तिनं अख्खा जन्म खुरपं चालवलं होतं. एका नावापायी माणसं एवढी का चवताळतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आबा म्हणायचे, 'नाव लिवलं की मानूस हाय म्हनावं लागतं बाई. म्हनून नको असतंय त्यास्नी.'

परभणीच्या कॉलेजात मी पूर्णेहून पॅसेंजरनं जाऊन-येऊन शिकले. तिथे गणिताचे एक सर होते. तास संपला तरी फळा पुसायचं त्यांच्या जिवावर यायचं. नामांतराला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर त्यांनी सही केली होती. वरच्या जातीतल्या माणसानं त्या दिवसांत परभणीत तशी सही करणं म्हणजे आपणहून वाळीत पडणं होतं. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची वर्षभर रिकामी असायची, आणि सर त्या खुर्चीवर खुशाल पाय ठेवून पेपर वाचायचे. आम्हा पोरींना ते केवढं आवडायचं! मी घरी येऊन सांगितलं तर आबा म्हणाले, 'मानूस आपला हाय. त्याचा शबुद मोडू नको.' मी मोडला नाही. इतकी आज्ञाधारक मी त्यानंतर कधी झाले नाही.

एकदा सरांनी वर्गात विचारलं, 'चंद्राभोवती एखादं यान फिरायला सोडलं, तर ते किती दिवस फिरेल?' चंद्रावर हवा नाही, घासायला काही नाही, म्हणून आम्ही एका सुरात सांगितलं, 'कायमचं.' सर खूश झाले. आम्ही चुकलो की ते नेहमीच खूश व्हायचे. मग त्यांनी सांगितलं, की चंद्रावर गेलेल्या लोकांनी परत निघताना एक छोटा उपग्रह तिथे फिरता सोडला होता, आणि तो महिन्याभरातच चंद्रावर आपटला. चंद्र दिसतो गोल गरगरीत, पण आतून आहे गाठाळ, घाईनं थापलेल्या भाकरीसारखा कुठे जाड, कुठे पातळ. जाड जागेवरून जाताना यान थोडं जास्त ओढलं जातं. लांबून पृथ्वीही आपल्या बाजूनं ओढतच असते. रोज थोडं थोडं असं होऊन गोल कक्षा लांबट होत जाते. तिचं एक टोक वर जातं, दुसरं खाली येतं, आणि एक दिवस खालचं टोक जमिनीला टेकतं. झालं, संपलं यान.

'पण काही कक्षा अशा आहेत,' सर म्हणाले, 'की चंद्राची ओढ अन् पृथ्वीची ओढ एकमेकींना बरोबर काटतात. कल तेवढाच पाहिजे, लांबटपणा तेवढाच पाहिजे. मग टोक जागचं हलत नाही. यान वर्षानुवर्षं फिरत राहतं, इंधन जाळायचं काम नाही. गोठलेली कक्षा म्हणू आपण तिला. तेवढी ती शोधायची.' आज ना उद्या आपल्या देशाचं यान चंद्रावर जाईल, असंही ते म्हणाले. मागच्या बाकावरची मुलं हसली. परभणीला त्या वर्षी नळाला पाणी चार दिवसांनी एकदा यायचं, त्यामुळे हसू साहजिक होतं. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

घरी आबांना सांगितलं तर त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. 'गाडी पडत न्हाई ती रुळामुळं,' ते म्हणाले. 'तितं रूळच न्हाई म्हनतीस.'

'न्हाई.'

'अन् गाडी पडू द्यायची न्हाई.'

'न्हाई.'

'मंग पॉइंटमनचं काम लय अवघड हाय तितं,' आबा म्हणाले, आणि पानाला चुना लावायला लागले.

सरांचं पीएच.डी.चं काम याच विषयावर चाललं होतं. सूत्रं त्यांची तयार होती, पण सूत्रातून आकडे काढायचे म्हणजे डोंगर उपसायचा होता. संगणक विद्यापीठात होता आणि तिथे आमच्यासारख्यांचा नंबर लागणं कठीण. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना सरांनी मला बोलावून विचारलं, 'तू करशील का आकडेमोड? लेख दोघांच्या नावानं छापू. छापील नाव असलं की तुझी संशोधनाला नोंदणी मी करून घेतो, कोणी अडवणार नाही.' कोणी अडवणार नाही, हे शब्द त्यांनी उगाच म्हटले नव्हते. आमच्यातलं कोणी गणितात संशोधनाला गेलेलं परभणीत कोणाला माहीत नव्हतं. छापलेला लेख हातात असेल तरच तोंड उघडायची सोय होती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्याच सुमारास मी रेल्वेतल्या क्लार्कच्या परीक्षेत पास झाले होते. नेमणुकीचं पत्र आलं आणि मी गेले नाही. अख्ख्या रेल्वे कॉलनीनं मला वेड्यात काढलं. आबा एवढंच म्हणाले, 'सरांनी शबुद दिलाय ना.'

तीन वर्षं मी चंद्राभोवती यानं फिरवली. कागद आबा आणायचे. वेळापत्रक बदललं की स्टेशनातले जुने मोठे तक्ते रद्दीत जायचे. एका बाजूला गाड्यांच्या वेळा, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूला माझे आकडे दिसायचे आणि उन्हात धरले की त्यांच्यामागून काचीगुडा पॅसेंजर. कॉलेजात दांडा फिरवायचं एक गणनयंत्र होतं, ते मधल्या सुट्टीत मला मिळायचं. त्याचा दांडा फिरवून फिरवून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला, आणि बांगड्या भरणारी बाई त्यावरून माझी थट्टा करायची. बाकीचं काम लॉगच्या पुस्तकावर. एका कक्षेची एक ओळ भरायला पाऊण तास. एक ओळ म्हणजे यानाचे थोडे दिवस. ते टिकलं की हायसं वाटायचं, आणि एखादं शंभर ओळी चालून शेवटी जमिनीला टेकलं की मी खरंच जेवायची नाही.

आकडे तपासायची आबांची स्वतःची रीत होती. रेल्वेत एका स्टेशनानं दुसऱ्याला फोनवर आकडा सांगितला, की ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा. परत म्हटल्याशिवाय गाडी सुटत नाही. ड्यूटीवरून आले की आबा क्वार्टरपुढच्या लिंबाखाली बाजेवर बसायचे, चष्मा लावायचे आणि माझ्या तक्त्यातले आकडे वाचायचे. 'तीन, सात, शून्य, नऊ.' मी माझ्या कच्च्या वहीत बघून परत म्हणायची, 'तीन, सात, शून्य, नऊ.' मग ते बारीक टिंब करायचे. शेजारचे गार्डसाहेब म्हणायचे, बापलेक जप करायलेत. तीन वर्षांत उतरवण्याची एकही चूक त्या तक्त्यांत राहिली नाही, हे मी आजही छातीठोक सांगते.

पंधरवड्याला तक्ते सरांकडे जायचे. सर हिरव्या शाईनं कोपऱ्यात लिहायचे 'तपासले', आणि खाली सही. ती हिरवी शाई बघून मला केवढा धीर यायचा. आपण केलेलं कुणीतरी मोठं माणूस वाचतंय, ह्याची मला सवय नव्हती.

आता चुकीचं सांगते. पहिल्या पानावर सगळ्या हिशेबाला लागणारे मूळ आकडे होते: चंद्राची त्रिज्या, चंद्राची ओढ, त्याचा चपटेपणा, आणि चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी किती दिवसांत करतो ते. पृथ्वीची ओढ या शेवटच्या आकड्यावरून निघायची. बाकीचे आकडे मी पुस्तकातून घेतले आणि दोनदा पडताळले. शेवटचा पडताळला नाही, कारण तो मला माहीत होता. मायचं पांढरं लुगडं मी जन्मापासून बघत होते. पौर्णिमा ते पौर्णिमा, साडेएकोणतीस दिवस. दशांशाचे पुढचे आकडेसुद्धा तोंडपाठ होते. आबांनी तो वाचला, मी परत म्हटला, आबांनी टिंब केलं. सरांनी हिरव्या शाईनं लिहिलं, 'तपासले'.

लेख छापून आला तेव्हा मी चारठाण्याच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागून वर्ष झालं होतं. नोंदणी होईपर्यंत पोटापुरती नोकरी, असं मी सगळ्यांना सांगत होते. लेखाची प्रत घ्यायला परभणीला गेले. वर सरांचं एकट्याचं नाव होतं. शेवटी आभाराच्या ओळी होत्या, त्यांत टंकलेखकाचे आभार होते, सरांच्या पत्नीचे होते. मी तो लेख दोनदा उलटून पाहिला, जणू माझं नाव मागच्या बाजूला असणार होतं.

'अगं, मासिकवाल्यांनी एकच नाव ठेवायला सांगितलं,' सर म्हणाले. 'पीएच.डी.चं काम आहे ना. पुढच्या लेखात तुझं नक्की.' त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. खरं सांगायचं तर मला पटलंही. पत्रकावर सही करणारा माणूस मला फसवेल, हे माझ्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. सर डॉक्टर झाले, पुढे विभागप्रमुख झाले. मी नोंदणीला अर्ज केला, समितीनं विचारलं, 'प्रकाशित काम?' मी म्हटलं, आकडेमोड मी केली आहे, सरांना विचारा. सर त्या समितीत बसले होते. ते समोरची फाईल चाळत राहिले. माझा अर्ज परत आला.

तरीही मी सरांच्या नावानं बोटं मोडली नाहीत. त्यांची काहीतरी अडचण असेल, असं मी मलाच समजावत राहिले. माणूस आपला आहे म्हटल्यावर त्याच्या वतीनं कारणं आपणच शोधतो. दोन-तीन वर्षं मी ती शोधली.

मग एका दुपारी आठवीच्या वर्गात चंद्राच्या कला शिकवत होते. महिना म्हणजे काय, पौर्णिमा ते पौर्णिमा, साडेएकोणतीस दिवस, हे फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या बाकावर एका शेतकऱ्याची मुलगी बसायची, जराशी वटवट करणारी. तिनं हात वर केला. 'बाई, चंद्र रोज एका नक्षत्रात ऱ्हातो म्हनं. आमच्या घरी आजोबा पंचांगात रोजचं नक्षत्र बघूनच कामाला हात लावतेत. मंग महिना तिसाचा अन् नक्षत्रं सत्तावीसच कशी?'

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. उत्तर मला येत होतं, त्याचाच घात झाला. चंद्र ताऱ्यांमधून आपली फेरी सत्तावीस दिवस आणि काही तासांतच पुरी करतो. पण तेवढ्या दिवसांत सूर्य पुढे सरकलेला असतो, म्हणून पौर्णिमा व्हायला चंद्राला आणखी दोन दिवस चालावं लागतं. खरी फेरी सत्तावीस दिवसांची. पुनवेची फेरी ही नुसती दिसायची. तिच्या घरी महिना नक्षत्रांवर चालायचा, आमच्या घरी पुनवेवर, आणि मी यान सोडलं होतं ते पुनवेवर.

'बाई, काय झालं?' पोरी विचारायला लागल्या. हातातला खडू मी पार चुरगाळला होता. तास कसाबसा संपवला आणि खोलीवर जाऊन वहीत मांडून पाहिलं. पृथ्वीची ओढ मी सातव्या हिश्शानं कमी धरली होती. दोन्ही ओढी जिथे एकमेकींना काटतात ती जागाच चुकली होती. जे यान चौदा महिने टिकेल म्हणून मी लिहिलं होतं, ते बाराव्या महिन्यातच पडलं असतं. गोठलेल्या म्हणून छापलेल्या कक्षा गोठलेल्या नव्हत्या. मी त्या खोलीत मोठ्यानं रडले. तीन वर्षं, आबांची ती टिंबं, सगळं पाण्यात. कुणी मेल्यासारखी रडले.

पुढच्या रविवारी सरांच्या घरी गेले. आपल्या चुकीपायी सरांची नाचक्की व्हायला नको, हाच विचार डोक्यात होता. आज मला माझं हसू येतं, आणि दयाही येते. सरांनी ऐकलं, त्यांचा चेहरा उतरला. पहिला प्रश्न आला, 'कोणाला बोललीस?'

'कोणालाच नाही.'

'बोलू नको. पुन्हा सगळं करावं लागेल. करशील?'

'करते सर.'

'मग दुरुस्ती तुझ्या नावानं छापू. ह्या वेळी नक्की. चूक शोधणं हे सुद्धा मोठंच काम असतं, तुला सांगतो. त्यावर तुझी नोंदणी कोणी अडवून दाखवू दे मला.'

मी पुन्हा केलं. दोन दिवाळ्या आणि दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या. आता छोटा कॅल्क्युलेटर होता, दांडा फिरवायचा नव्हता. आबा निवृत्त झाले होते, क्वार्टर सोडून आम्ही वस्तीत राहायला आलो होतो, नजर कमी आली होती, तरी बाज तीच आणि रीत तीच. पहिल्या पानावरचा नवा आकडा त्यांनी वाचला, 'सत्तावीस, टिंब, तीन, दोन.' मी परत म्हटलं. ते थांबले. 'मागल्या बारीला येगळा व्हता.' सहा-सात वर्षांपूर्वीचा आकडा त्यांच्या ध्यानात होता. मी सांगितलं, की माझी चूक झाली होती आणि मीच ती शोधली. आबा हसले, म्हणाले, 'चूक केली ती केली, धरली बी तूच. अजून काय पायजे?' नवे तक्ते मी सरांना नेऊन दिले आणि वाट बघायला लागले.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीतली गोष्ट. सोळा-सतरा वर्षं चाललेलं एकदाचं तडीला गेलं होतं, पुरतं नाही तरी नाव लागलं होतं. पूर्णेला आमच्या वस्तीत माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडत होती. माय विहारातून येऊन दारात बसून राहिली होती, तिला आत यावंसंच वाटत नव्हतं. त्याच आठवड्यात सरांचा निरोप आला, मासिक आलंय, घेऊन जा. मला वाटलं, चांगल्या गोष्टी अशा एकदमच येतात.

सरांनी खण उघडून मासिक दिलं, पान दुमडून ठेवलेलं. मी उभ्यानंच वाचलं. अमुक अंकातल्या लेखातील तक्त्यांत चंद्राच्या फेरीचा काळ चुकीचा धरला गेला होता. ही चूक आकडेमोड करणाऱ्या माझ्याकडून झाली. इथे माझं अख्खं नाव. लेखकाच्या ती लक्षात आली. दुरुस्त तक्ते लेखकानं तयार केले असून ते त्याच्याकडे मागावेत. संपलं. लेख बरोबर होता तोवर आकडेमोड कुणी केली होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. चुकीचा निघाला तेव्हा मी जन्माला आले.

'सर, चूक माझीच आहे,' मी म्हटलं. 'पण ती सापडली कोणाला? तक्ते कोणी केले?'

'त्यानं काय फरक पडतो? गणित बरोबर झालं ना?'

'मग माझं नाव कशाला घातलं?'

बाहेर रस्त्यावरून मिरवणूक चालली होती, हलगीचा आवाज खोलीत येत होता. सरांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते चिडलेले नव्हते, उलट जरा थट्टेतच म्हणाले, 'अगं, इतकी वर्षं नाव नाव करत होतीस. आणलं की छापून. तुम्हा लोकांना नावच पाहिजे असतं ना? घ्या.'

मला त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेले त्यांचे पाय आठवले. ती पत्रकावरची सही खोटी होती, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या दिवशी त्यांनी ती मनापासूनच केली असणार. खोटी असती तर बरं झालं असतं, एक ढोंगी माणूस म्हणून मी त्यांना विसरले असते. आमच्या सगळ्यांसाठी विद्यापीठाच्या दारावर नाव मागणारा माणूस माझ्या एकटीचं नाव लेखावर लिहू शकला नाही. हे मला त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं. बोलता आलं नाही. मी 'येते सर' म्हणून निघाले, आणि ह्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आहे.

'थांब,' ते मागून म्हणाले. 'तुझे कागद ने. कपाट रिकामं करायलोय.' वेळापत्रकाच्या मागे लिहिलेले माझे जुने तक्ते त्यांनी सुतळीनं बांधून ठेवले होते. वरच्याच कागदावर कोपऱ्यात हिरवी शाई होती, 'तपासले', आणि सही. साडेएकोणतीस दिवसांच्या बरोबर खाली. त्यांच्या ते ध्यानातही नसावं. मी तो गठ्ठा उचलला आणि स्टेशनवर आले.

घरी पोचले तेव्हा दुपार उलटली होती. वस्तीत पेढे वाटणं चालूच होतं. मी गठ्ठा आणि मासिक बाजेवर टाकून आत पाणी प्यायला गेले. बाहेर येऊन बघते तर आबांनी चष्मा लावला होता आणि दुमडलेलं पान उघडून डोळ्यांशी नेलं होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण गाडीच्या डब्यांवरची अक्षरं वाचून वाचून एकेक अक्षर ओळखता येत होतं.

'बाई,' ते म्हणाले, 'हे तुजं नाव हाय!'

'हो आबा.'

'अन् ह्यो मी हाय. मधी.' स्वतःच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं होतं. 'काय लिवलंय हितं?'

मी त्यांच्याशेजारी बाजेवर बसले. खरं सांगावं, तर आजच्या दिवशी आबांच्या हातात हे द्यायचं कसं? आबांना आजवर मी कधीच काही खोटं सांगितलं नव्हतं. 'तक्त्यात चूक होती,' मी म्हटलं, 'ती दुरुस्त केली, असं लिवलंय.'

'दुरुस्त कोनी केली?'

'मी.'

'मंग त्येच तर,' आबा म्हणाले. त्यांनी ओरडून मायला बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं, आणि ह्याला काच लावून घ्यायची म्हणून सांगितलं. मग एकदम सावध झाले. 'थांबा, थांबा. छापनारे लय चुका करतेत. आदी तपासून घिऊ.' त्यांनी चष्मा सारखा केला आणि नावाच्या पहिल्या अक्षराखाली नख ठेवलं. ते अक्षर मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघत थांबले.



'म्हन की,' आबा म्हणाले. 'म्हटल्याबिगर गाडी सुटती का?'

मी म्हटलं. त्यांनी दुसरं वाचलं, मी दुसरं म्हटलं. माझं नाव झालं. मग त्यांचं स्वतःचं नाव आलं, तिथेही एक अक्षर चुकलं नाही. मग आडनाव, जे ऐकलं की परभणीत कोणालाही कळतं की आम्ही कोण. शेवटच्या अक्षराशी त्यांनी पेन्सिलीनं बारीक टिंब केलं.

'बराबर हाय?' त्यांनी विचारलं.

'बराबर हाय आबा,' मी म्हटलं. 'नावात एक बी चूक न्हाई.'